सर्वजयेच्या हातांकडे बघा

गेल्या अंकात मी ‘पथेर पांचाली’वर लिहिलं होतं. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरून सत्यजित राय यांनी केलेला, १९५५ साली प्रदर्शित झालेला कृष्णधवल बंगाली चित्रपट. निश्चिंदिपूर नावाचं खेडं, पौरोहित्य करून कसंबसं घर चालवणारा हरिहर, त्याची बायको सर्वजया, मुलगी दुर्गा, धाकटा अपू आणि त्यांच्याकडे आश्रयाला असलेली म्हातारी इंदिर ठाकरुण. लेखावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रं आली. सगळी मी दोनदा वाचली. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देते आहे.

प्रश्न: बाई, तुमचा लेख वाचून चित्रपट लावला. चाळीस मिनिटं झाली तरी काही घडेना, म्हणून बंद केला. माझं काय चुकलं? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, लातूर)

तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या डोळ्यांसमोर काय काय घडून गेलं, ते सांगते. एक लहान मुलगी पेरू चोरते आणि स्वतः न खाता आपल्या म्हाताऱ्या आत्याला आणून देते. ती बाग पूर्वी त्यांचीच होती, कर्जापायी शेजाऱ्यांच्या हाती गेली. म्हणजे आपल्याच झाडाचा पेरू घेतला तर आता ती चोरी. त्यावरून बोलणी खावी लागतात, म्हातारी रुसून घर सोडते. मुलगा होतो, तशी म्हातारी परत येते आणि पाळण्याजवळ बसते. मग दुर्गा एका पांघरुणाच्या भोकातून बोट घालते, आत एक मिटलेला डोळा असतो, तो टक्कन उघडतो. झाला अपू मोठा. मधली वर्षं त्या एका डोळ्यात संपली. पुढे तो शाळेत जातो, तर तिथले मास्तर किराणा दुकान चालवता चालवता शिकवताहेत: एका हाताने वाणसामान तोलायचं आणि दुसऱ्या हातात छडी.

राय यांनी हे रेंगाळणं जाणूनबुजून ठेवलं. कादंबरी तशीच आहे, आणि खेड्यातलं गरीब घराचं जगणंही असंच वाहत असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तू पुन्हा बस. फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि रात्री, दिवे मालवून बघ. सगळा चित्रपट जड वाटला तर फक्त मिठाईवाल्याचा प्रसंग पाच वेळा बघ. खांद्यावर कावड घेऊन मिठाईवाला येतो. पोरांकडे पैसे नाहीत. तो पुढच्या घरी निघतो, त्याच्यामागे दुर्गा, तिच्यामागे अपू आणि सगळ्यांत शेवटी एक कुत्रा. ही वरात आपल्याला तळ्याच्या पाण्यात उलटी दिसते. कुत्रं काही केल्या मागे येईना, तेव्हा दुर्गा झालेल्या मुलीच्या पाठीमागच्या हातात मिठाई देऊन त्याला आणलं होतं. तिथे वाजणारी सतार पंडित रविशंकरांची नाही. त्यांनी संगीताचं काम एका रात्रीच्या बैठकीत उरकलं होतं आणि हा तुकडा राहून गेला होता, म्हणून छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी स्वतः वाजवून दिला. काम सुरू झालं तेव्हा हा मुलगा एकवीस-बावीस वर्षांचा होता आणि त्याने तोवर सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. तुझ्याच वयाचा म्हणायचा.

प्रश्न: आमच्या वाचकगटात वाद चालू आहे. कादंबरी आधी वाचावी की चित्रपट आधी पाहावा? आणि चित्रपट मूळ कथेशी प्रामाणिक आहे का? (शिक्षिका, सातारा)

मी चित्रपट आधी पाहिला, कादंबरी नंतर वाचली, तीही अनुवादात. मला या क्रमाचं कधी वाईट वाटलं नाही. कादंबरी १९२८–२९मध्ये ‘विचित्रा’ मासिकातून क्रमशः आली आणि १९२९ साली पुस्तक झाली. झाडं, वेली, रानातले वास, अपूच्या मनातली स्वप्नं यांनी ती नुसती भरून वाहते. ते सगळं पडद्यावर शोधायला जाल तर हिरमुसाल.

राय या पुस्तकाला पहिल्यांदा भिडले ते चित्रकार म्हणून. सिग्नेट प्रेसने मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं त्यांनी काढली होती. मला नेहमी वाटतं, चित्रपटाचं बीज तिथेच पडलं असणार. चित्र काढणाऱ्याला विचारावं लागतं, की या पानावर दिसतं काय? मनात काय चाललंय ते काढता येत नाही. हातात काय आहे ते काढता येतं.

आता प्रामाणिकपणाचं. कादंबरीत इंदिर ठाकरुण फार लवकर मरते, अपू तान्हा असतानाच. चित्रपटात ती अपू शाळेत जाऊ लागेपर्यंत जगते, आणि बांबूच्या बनात तिला मेलेली पाहतात ती दोन मुलंच. दुर्गा खोडी काढावी तशी तिला हलवते आणि म्हातारी कलंडते. मृत्यूची ओळख मुलांना अशी होते. मूळ कथेत हे नाही, पण दुर्गाच्या मरणाची पायरी इथे बांधली गेली आहे.

दुसरा बदल मला त्याहून मोठा वाटतो. दुर्गा गेल्यानंतर, घर सोडण्याची बांधाबांध चालू असताना, अपूला तिने लपवलेली वस्तू सापडते. शेजारणीने चोरीचा आळ घेतला होता, दुर्गाने ‘मी नाही घेतली’ म्हणून सांगितलं होतं, आईने तिला केस धरून फरफटत घराबाहेर काढलं होतं, ती ही वस्तू. कादंबरीत तो सोन्याचा छोटा करंडा आहे, आणि अपू तो बांबूच्या जाळीत भिरकावतो. चित्रपटात ती मण्यांची माळ आहे, अपू ती तळ्यात टाकतो. तळं शेवाळाने भरलेलं. माळ पडते, हिरवळ बाजूला होते, काळं पाणी उघडं पडतं. मग ती हिरवळ हळूहळू परत सरकते आणि भोक बुजतं. बांबूच्या जाळीला हे करता आलं नसतं. बहिणीचं गुपित कुणालाही न सांगण्याचं एका लहान मुलाने ठरवलं, हे आपल्याला पाण्याने सांगितलं. राय यांनी इथे लेखकाचं वाक्य बदललं, पण लेखकाला दगा दिला नाही. तुमच्या गटात एकदा ही दोन रूपं शेजारी शेजारी ठेवून बोला, निम्मा वाद मिटेल.

आणखी एक गोष्ट. कादंबरीचे तीन भाग आहेत. चित्रपट दुसऱ्या भागाशी, घर सोडण्यापाशी थांबतो. काशीचा भाग राय यांच्या पुढच्या चित्रपटात, ‘अपराजितो’मध्ये येतो. त्यामुळे ‘शेवट अर्धवट वाटला’ असं लिहिणाऱ्या आणखी दोघा वाचकांनाही हेच उत्तर.

प्रश्न: माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. दोघींनी मिळून चित्रपट पाहिला. इंदिर ठाकरुण घराबाहेर पडते तिथे त्या उठून गेल्या, दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. सर्वजया मला फार निष्ठुर वाटली. तुम्ही लेखात तिचं कौतुक केलंत, ते मला पटलं नाही. (गृहिणी, रत्नागिरी)

तुमचं पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं. आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या उठून गेल्या, म्हणजे त्यांनी चित्रपट आपल्या सगळ्यांपेक्षा नीट पाहिला.

नातं लक्षात घ्या. मुलं इंदिरला आत्या म्हणतात, म्हणजे सर्वजयेची ती नणंद. लांबची, विधवा, निराधार, वय ऐंशीच्या घरात, आणि दात नसलेल्या तोंडाने चवीचं खायची इच्छा अजून शाबूत. सर्वजयेच्या डब्यात तांदूळ किती आहेत ते सर्वजयेला माहीत आहे. म्हातारी स्वयंपाकघरातून काहीबाही उचलते, आणि मुलीला तीच सवय लागेल याची भीती आहे. हरिहर सज्जन आहे, पण घरात नसतो, आणि असला तरी त्याचं मन पोथ्यांत आणि लिहायच्या नाटकांत. ‘नाही’ म्हणायचं काम घरात एकीलाच करावं लागतं. जी ‘नाही’ म्हणते तीच वाईट दिसते.

आमच्या चिपळूणच्या घरी वडिलांची एक आत्या होती. आम्ही तिला मोठी आत्या म्हणायचो. बालविधवा, आयुष्य भावाच्या आणि मग भाच्याच्या घरी गेलं. माझी आई तिला मिठाच्या एका खड्यावरून बोललेली मला आठवते. फणसाचे गरे आत्याने परकराच्या ओच्यात घालून मला गुपचूप दिले, त्यावरूनही बोलली. मी आईला मनात दुष्ट ठरवून टाकलं होतं. पुढे आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा सात महिने तिचं हागणंमुतणं आईनेच काढलं. ती गेली त्या दिवशी आईने तिचा पितळी तांब्या चिंचेने घासून लख्ख केला आणि देवघराशेजारी ठेवला. मी तोवर ‘पथेर पांचाली’ पाहिला नव्हता. पाहिला तेव्हा इंदिरच्या लोट्यापाशी मला पुढचं काही दिसेना.

तो प्रसंग पुन्हा बघा, जमलं तर सासूबाईंना विचारून. म्हातारी थकून परत आली आहे. पाणी मागते. सर्वजया उठत नाही, ‘घे तुझं तू’ अशा सुरात सांगते. इंदिर लोट्याने पाणी पिते, उरलेलं अंगणातल्या रोपट्याला घालते आणि निघून जाते. सर्वजयेचा हात कामात आहे. तो थांबतो, पण ती हाक मारत नाही. हा न मारलेल्या हाकेचा चित्रपट आहे. करुणा बंद्योपाध्याय यांनी ही सर्वजया केली. त्यांच्या चेहऱ्याबद्दल सगळे लिहितात, पण मी म्हणते, त्यांच्या हातांकडे बघा. अपू धनुष्यबाण घेऊन पळतो तेव्हा त्याच्यामागे घास घेऊन फिरणारा हात. दुर्गाला फरफटणारा हात. नवऱ्याचा पत्ता नाही, पैसा नाही, तेव्हा घरातली भांडी विकायला काढणारा हात. वादळाच्या रात्री तापलेल्या पोरीजवळून उठून दार दाबून धरणारा हात. तिथे खिडकीला लावलेलं गोणपाट फडफडतंय, कोनाड्यातला गणपती हलतोय, आणि एका बाईला दोनच हात आहेत.

आणि मग हरिहर परततो. दुर्गा गेली हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया पाय धुवायला पाणी ठेवते, बसायला देते, बोलत काही नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो: पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर. मग म्हणतो, ही दुर्गाला साडी. ती साडी हातात घेते, तोंडात कोंबते आणि कोसळते. तिचं रडणं ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई वाजते. हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, दक्षिणामोहन ठाकूर यांनी वाजवलेलं. राग पटदीप. ‘मर्मबंधातली ठेव’ याच रागात ऐकत आपण मोठे झालो, त्यामुळे आपल्या कानाला तो सूर परका नाही. म्हणून त्या जागी तो जास्तच चिरत जातो.

ज्या हातांनी नणंदेला पाणी दिलं नाही, त्याच हातात ही साडी येते. सर्वजया निष्ठुर नव्हती असं मी म्हणत नाही. त्या क्षणी होती. पण निष्ठुर होण्याची पाळी तिच्यावर कशी आली, ते चित्रपट इतकं जवळून दाखवतो की तिला दूर ढकलणं मला जमत नाही. माझ्या आईला मी तिच्या हयातीत हे सांगायला हवं होतं.

सासूबाईंना आवडेल असं एक सांगते. इंदिर झालेल्या चुनीबाला देवी एके काळी रंगभूमीवर काम करत. राय त्यांना शोधत गेले तेव्हा त्या ऐंशीच्या आसपास होत्या. ‘हरी, दिवस सरला, सांज झाली, आता पैलतीरी ने’ अशा अर्थाचं ते गाणं त्यांनी स्वतःच्या आवाजात म्हटलं आहे. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच त्या गेल्या.

प्रश्न: आता तंत्रज्ञान आहे, तर असे जुने चित्रपट रंगीत का करत नाहीत? नव्या पिढीला जवळचे वाटतील. (निवृत्त बँक कर्मचारी, अकोला)

कृपा करून असं कुणाला सुचवू नका. अपू आणि दुर्गा रेल्वे बघायला जातात तो प्रसंग आठवा. माणसाच्या उंचीची काशफुलं, आपल्या नदीकाठच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतासारखी. त्या पांढऱ्यातून इंजिनाच्या धुराचा काळा पट्टा येतो. पांढऱ्याला काळा चिरतो, एवढंच तिथे आहे आणि तेवढंच पुरतं. हिरवं गवत, निळं आभाळ, लाल साडी आली की ते सुंदर दृश्य होईल, आणि संपलं.

या गवतासाठी काय सोसलं तेही ऐका. २७ ऑक्टोबर १९५२ रोजी चित्रीकरण इथूनच सुरू झालं. राय तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरी करत, म्हणून पुढचं काम सुट्टीच्या दिवशी. आठवड्याने परत जाऊन पाहतात तर गाईगुरांनी सगळी काशफुलं खाऊन टाकलेली! राय वर्षभर थांबले आणि पुढच्या मोसमात फुलं आल्यावर तो प्रसंग पुरा केला. पुढे पैसे संपले, पत्नी विजया यांचे दागिने गहाण पडले, शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला. नावात ‘पथ’ आहे म्हणून तो खर्च रस्तेसुधारणेच्या खात्यावर पडला. या सगळ्या काळात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा अंगाने मोठी झाली नाही आणि इंदिर ठाकरुण जगली, हे राय यांना चमत्कार वाटायचे.

रंगांपेक्षा प्रत चांगली शोधा. मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या आगीत जळाल्या. उरल्यासुरल्या फिती आणि इतर प्रतींवरून कित्येक वर्षं खपून २०१५मध्ये नवी प्रत तयार झाली. ती पाहिली की काळ्या-पांढऱ्यात किती छटा असतात ते कळतं. पावसाआधी तळ्यावर चालणारे पाणकिडे त्या प्रतीत पायांसकट दिसतात.

प्रश्न: हा चित्रपट परदेशात गाजला कारण त्याने भारताची गरिबी विकली, असं आमचे एक सर म्हणतात. (नाव-गाव दिलेलं नाही)

हा आक्षेप जुना आहे. १९८० साली राज्यसभेत नर्गिस दत्त यांनीही साधारण हेच म्हटलं होतं. मला तो पटलेला नाही. सर्वजया भांडी विकते, पण शेजारणीपुढे हात पसरत नाही. पडद्यावरचं एकही माणूस आपल्याकडे दया मागत नाही. उलट या घरात पोरं पावसात नाचतात, चिंच-मीठ कालवून खातात, ‘जात्रा’ हे बंगाली लोकनाट्य बघून अपू घरी येऊन मिशा लावतो आणि मुकुट घालून आरशासमोर उभा राहतो. आपल्या सरांना एवढंच विचारा, की त्यांना त्या घरातलं कुणाचं हसणं आठवतं का.

प्रश्न: मराठीत याच्या तोडीचं काही आहे का? की कौतुक फक्त बंगाल्यांचं? (वाचक, बेळगाव)

आहे, आणि अभिमानाने सांगते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, आचार्य अत्र्यांनी तिचा १९५३ साली कृष्णधवल चित्रपट केला, आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. दोन वर्षांनी तेच पदक ‘पथेर पांचाली’ला मिळालं. वनमालाबाईंची ती आई मी अजून कोरड्या डोळ्यांनी पाहू शकत नाही.

पण दोन्ही एका तराजूत घालू नका. श्यामची आई शिकवते. फुलाच्या कळ्यांपासून ते पोहण्यापर्यंत प्रत्येक प्रसंगातून श्यामच्या पदरात काही ना काही पडतं, कारण पुस्तकच मुळी मोठा झालेला श्याम रात्री रात्री सांगतो आहे. सर्वजया काही शिकवत नाही. तिला तेवढी सवडच नाही. अपू जे शिकतो ते आपलं आपण, बघून बघून. एक चित्रपट आईच्या शब्दांवर उभा आहे, दुसरा तिच्या गप्प राहण्यावर. मला दोन्ही आया हव्यात.

प्रश्न: कादंबरीच्या एका भागाचं नाव ‘आम आंटिर भेंपू’ आहे, म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी, असं तुम्ही लिहिलंत. कोयीची पिपाणी असते? मी कधी पाहिली नाही. (इयत्ता सातवी, पुणे)

असते तर! आम्ही दर पावसाळ्यात करायचो आणि बंगालातली मुलंही करत असणार, त्याशिवाय का पुस्तकात आली! उन्हाळ्यात खाऊन टाकलेल्या आंब्याच्या कोयी परसात पडू दे. पहिले दोन-चार पाऊस झाले की त्यांना तांबूस कोंब फुटतो. अशी एक कोय उचल, वरचं टणक कवच मोठ्या माणसाकडून सोलून घे. आतला गर दोन फाकांचा असतो, तो फुटू देऊ नकोस. त्याचं एक टोक खरबरीत दगडावर तिरपं घासत राहा, मधूनमधून पाण्यात बुडव. दोन फाकांमधली चीर दिसू लागली की थांब. ओठांत हलकी धर आणि फुंक. पहिल्यांदा नुसती हवा जाईल, तोंड कडू-तुरट होईल. थोडं आणखी घास आणि पुन्हा फुंक.